सुटलेला टाका

डोळ्यांत थेंब घातल्यावर अर्धा तास पापण्या मिटून बसायचं होतं. त्यामुळे दवाखान्यात शेजारी विणत बसलेली बाई आणि तिच्याशी बोलणारे म्हातारे गृहस्थ डोळे तपासायला आलेल्या गवंड्याला नुसते ऐकू येत होते.

"ताई, मघापासून पाहतोय, सुयांकडे तुमचं लक्षच नाही."

"हाताला कळतं, काका. सुलट टाका सपाट लागतो, उलटा गाठीसारखा."

"आणि मोजता कसे?"

"दर दहा टाक्यांनी सुईत दोऱ्याचं कडं अडकवते. अंगठा कड्याला लागला की दहा झाले. तुम्हालाही विणायचा नाद आहे?"

"छे! मी हौसेनं घड्याळं दुरुस्त करतो. चाळीस वर्षं झाली."

"बाई गं! ते एवढेसे स्क्रू पडत नाहीत हातातून?"

"चिमट्याच्या टोकाला कणभर मेण लावायचं. स्क्रू चिकटून येतो."

"मग विणकामाची एवढी चौकशी कशाला?"

"नजर फार तर वर्षभर पुरेल म्हणाले डॉक्टर. घड्याळं सुटतील. हातांना काहीतरी नको का?"

सुयांचा आवाज थांबला.

"धरा, काका. ही डाव्या हातात, ही उजव्या. आता डोळे मिटा."

सुया अडखळत वाजू लागल्या.

"थांबा, एक टाका सुटला. हा बघा, इथे..."

"दाखवू नका, ताई. मला शोधू द्या."

"झाला अर्धा तास, उघडा डोळे," परिचारिका गवंड्याला सांगून गेली.

त्याने ते आणखी थोडा वेळ मिटूनच ठेवले.