एकाच माणसाची रेकॉर्ड

तुमच्या घरात कधी एखाद्या रेकॉर्डवरून कुणाच्या नोकरीचा निकाल लागलाय का? आमच्या घोडेगावच्या घरात लागला होता, सत्तर-एकाहत्तर साली. वडिलांनी, म्हणजे आबांनी, माझ्या थोरल्या भावाला, वसंतदादाला, साखर कारखान्यात वजनकाट्यावर चिकटवलं होतं. सोमवारी हजर व्हायचं होतं. दादाला मात्र पुण्याला जाऊन स्वतःची गाणी करायची होती. रविवारी त्याचं कशातच चित्त नव्हतं, नुसता आत-बाहेर करत होता. शेवटी त्यानं गावातल्या लाउडस्पीकरवाल्याचा रेकॉर्ड प्लेअर मागून आणला आणि मित्राची इंग्रजी रेकॉर्ड लावली. पहिलं गाणं अगदी संथ, दुसरं नाचायचं, तिसरं प्रार्थनेसारखं.

“किती जण गात्यात रं?” आबांनी विचारलं.

“एकच, आबा. गाणी लिहितो पण त्योच.”

“मग गडी एका जागी ठरंना का? तुझ्यावानीच हाय!”

आई आणि मी हसलो. दादा हसला नाही.

“आबा, बाजारात बैल घेताना तुमी त्याला गाडीला जुंपून बघता, नांगराला जुंपून बघता. तवा म्हनता का, ह्यो एका जागी ठरंना?”

गाणी संपली, सुई नुसती खरखरत राहिली.

“दुसरी बाजू लाव,” आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा पुण्याच्या एसटीत बसला आणि आबा सायकल काढून कारखान्यात सांगायला गेले, की पोरगा येणार नाही.