टॉवर बंद होण्याआधी

फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या धक्क्यावर बोटीच्या रांगेत माझ्यापुढे बेटावरची म्हातारी पासिंग उभी होती, आणि तिच्यापुढे पेटी घेतलेला मोबाइल कंपनीचा तंत्रज्ञ.

"नोनोय, पेटीत काय आहे रे?" तिने विचारलं. तिकडे पोराला नोनोय म्हणतात आणि आईच्या वयाच्या बाईला नानाय.

"बेटावरच्या टॉवरसाठी नवीन यंत्र, नानाय. आता त्या जुन्या टॉवरवरूनही इंटरनेट चालेल. माहिती बारीक पुड्या बांधून धाडायची."

"बसवताना टॉवर चालू असतो ना?"

"दोन तास बंद ठेवावा लागतो."

"आज नको रे बाबा! माझा एफ्रेन पहाटेपासून समुद्रात आहे, वादळाचा इशारा लागलाय. किनाऱ्याला लागला की मेसेज करतो. तिथे तेवढ्याच टॉवरची रेंज आहे."

"वरून हुकूम आहे, नानाय. साहेब ओरडतील."

"ओरडू दे. साहेब कोरड्यात बसलाय, माझा पोरगा पाण्यात आहे."

"बोट लागली. चढा."

"तू जा. त्याचा मेसेज आल्याशिवाय मी चढत नाही."

तो रांगेतून बाजूला झाला आणि त्याने फोन लावला.

"साहेब, दोनची बोट चुकली. पुढची साडेतीनला."

"खोटं बोललास?" त्याने फोन ठेवल्यावर म्हातारीने विचारलं.

"बोट सुटेपर्यंत इथेच थांबलो की खरं होईल."

बोट गेली. मीही चढलो नाही. तीनच्या सुमारास म्हातारीचा फोन वाजला.

"तूच वाच रे, नोनोय. मला धीर नाही."

"'लागलो. सगळे ठीक. भात टाक.'"

"भात टाक म्हणे, मेला!"

"आता तरी बसा, नानाय."

"परत वाच."

"तेच लिहिलंय."

"असू दे. परत वाच."