शिडीचं रॅपर

त्या दिवशी आभाळ असं काळंकुट्ट भरून आलेलं, की भरदुपारी दिवे लावले, आणि आमचं छप्पर गळतं ते नेमकं सूनबाईच्या कॉम्प्युटरवर! खोली एवढीशी, टेबल सरकवायला जागा नाही, संध्याकाळी तिला साहेबांना काम दाखवायचंय, वर चढायला शिडी हवी आणि शिडी शेजाऱ्यांकडे... आता मागणं सोपं का असतं, तुम्हीच सांगा!

तुम्हाला सांगतो, मी रोज जातो हो मागायला. पण गेल्या गेल्या 'शिडी द्या' कसं म्हणणार? आधी त्यांचं पित्त, मग माझा गुडघा, मग त्यांच्या मेहुण्याची बदली... शिडीपर्यंत पोचतोय तोवर घरून हाक, "अहो, जेवायला या!" की आलो हात हलवत.

हे ऐकून सूनबाई म्हणाली, "बाबा, मी यावरच तर उपाय बनवलाय, जावास्क्रिप्टमध्ये! एका कॉम्प्युटरनं दुसऱ्याकडे काही मागायचं, ती एचटीटीपी रिक्वेस्ट. दर वेळी केवढं पाल्हाळ लिहायचं! म्हणून मी हलकंसं रॅपर केलं. पाल्हाळ आत गुंडाळलेलं, बाहेर फक्त 'अमुक दे'. मग गप्प राहून उत्तराची वाट बघायची. नाहीच आलं, तर पुन्हा मागायचं."

"आणि गुडघा?"

"गुडघा रॅपरच्या आत, बाबा."

गेलो. दार उघडलं. म्हटलं, "शिडी." आणि गप्प.

शेजारी बघतायत. "बसा ना काका... गुडघा काय म्हणतोय?" मी गप्प! मनात घोकतोय, गुडघा आत, गुडघा आत... उत्तर काही येईना, पुन्हा म्हटलं, "शिडी." झालं! "अगं ए, धाव, काकांची वाचा बसली, लकवा तर नाही ना!" शेजारीणबाई पाणी घेऊन धावल्या, त्या म्हणतात हात वर करा, शेजारी कानाला फोन लावून म्हणतात हसून दाखवा, मी हात वर करून हसतोय, बाहेर गडगडतंय... मागणं सोपं का असतं हो! हसत हसतच म्हटलं, "शिडी."

शेजाऱ्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, तुमचं छप्पर गळतं ते बघून शिडी केव्हाच तुमच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवलीय! रोज सांगायला तोंड उघडतो, तुम्ही बोलू द्याल तर ना! आज गप्प बसलात, तर मी डॉक्टरांना बोलावून बसलो! आता मीच चढतो छपरावर. तुम्ही खाली उभे राहून बोलत राहा, म्हणजे धडधाकट आहात ते मला वर कळेल!"