लेले साहेबांच्या नावावरची फाइल

तुमचे साहेब कडक म्हणता? आमचे लेले साहेब बघायला हवे होते. सर्व्हरवर फाइल बसवताना ती कोणाच्या नावावर असेल आणि कोणाला उघडेल, हे कमांडमध्येच सांगता येतं. साहेब प्रत्येक फाइल स्वतःच्या नावावर आणि फक्त स्वतःलाच उघडेल अशी बसवायचे, जणू कोथरूडचा फ्लॅट!

एकदा क्लायंट दारात आणि माझाच प्रोग्रॅम मला उघडेना. धावत गेलो.

"साहेब, परवानगी हवी होती."

"रीतसर अर्ज करा. कसा करायचा, ते सर्व्हरवर लिहून ठेवलंय."

पाहिलं, तर तीही फाइल उघडेना. परत गेलो.

"साहेब, तीसुद्धा फक्त तुम्हालाच वाचता येते."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "अहो, वर्षभरात एकही अर्ज आलेला नाही. म्हणजे अडचण फक्त तुम्हालाच आहे."