यादीतलं नाव

घोडा खाल्ला नाय म्हणून हरले? असं लिवलंय त्या पुस्तकात? दाव बघू — ऱ्हाऊ दे, चष्मा आत हाय, तू वाचलंस तेवढं पुरे. निशिगंधा, तू शिकलेली पोर, मुंबईत हापिसात बसतेस, पण त्या पुस्तकवाल्यानं अर्धंच सांगितलान गो. मी तीस वर्सं महाड डेपोला कंडक्टर होतो. आंबेनळी घाटाची फेरी करून आलो की दुपारचा वाचनालयात जाऊन बसायचो आणि कूतच्या वेढ्याचं जे काय मिळंल ते वाचायचो. डेपोतले हसायचे, म्हणायचे, अनिलला लढायांचा नाद हाय. नाद कसला आलाय? माझा आजा हैबती तिथं होता, म्हणून. आणि तुझा पणजा भागोजी, तो पण तिथंच. दोघं ह्याच वाडीचे, एका पलटनीतले, एका खंदकात शेजारी शेजारी. बस ना, उभी कशाला? पालखी अजून सहाणेवर, देवळापुढच्या चौथऱ्यावरच हाय, ढोल वाजला की कळंल आपल्याला. खांद्यासाठी मला हाक मारायला येतीलच, मानकऱ्याशिवाय उचलत नायत. तोवर सांगतो.

तर कूत. इराकात हाय ते, नदीच्या वळणात बसलेलं गाव, आपल्या सावित्रीसारखं वळण पण नदी लई मोठी. पंधरा साल संपत आलेलं — एकोणीसशे पंधरा — इंग्रजांची फौज बगदाद घ्यायला निघाली, वाटेत मार खाल्लान, मागं हटत हटत ह्या कूतमध्ये येऊन शिरली. तुर्कांनी वेढा घातला. तेरा हजार माणूस आत, त्यात निम्म्याहून जास्त आपलेच लोक. पाच महिने काढले आणि शेवटी पांढरं निशाण वर केलं. तोफा स्वतःच्या हातानं फोडल्या. का हरले? जनरलसाहेबानं काय केलान — आत शिरल्या शिरल्या वरती कळवलान की शिधा महिनाभराचा हाय. महिनाभराचा! गावातल्या घराघरात धान्य लपवलेलं होतं, ते शोधायचं सुचलंच नाय त्याला. मंग बाहेरची फौज घाईघाईनं सोडवायला निघाली, अर्धे लोक आलेले, अर्धे यायचे, तोफा मागं राह्यलेल्या, चिखल, पूर — आणि जिथं गेली तिथं कापली गेली. मंग जानेवारीत ह्यांनी आत झडत्या घेतल्या, तर धान्य निघालं, एप्रिलपर्यंत पुरवून पुरवून खाता येईल एवढं! म्हणजे घाई कशासाठी केली? वीस हजारांवर माणूस पडला बाहेर, आतल्या तेरा हजारांसाठी. इमानातनं पोती टाकली, त्यातली काय नदीत पडली, काय तुर्कांच्या पुढ्यात. बोट भरून शिधा पाठवला, ती बोट साखळदंडाला अडकली. एवढं सगळं झालं, आणि दोष कुणाचा? तर शिपाय घोडा खाईनात त्यांचा. साहेबाला मंग इस्तंबूलजवळ बेटावर बंगला मिळाला, आणि आपल्या माणसांना उन्हातनं चालत नेलं, रेल्वेचे रूळ टाकायला. कितीतरी परतच आले नायत.

कळतंय गो, कळतंय मला. तू हे इचारायला आली नायस. तू पालखीचं इचारायला आलीस. तुझ्या बापाला, सुनीलला मुंबईच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, तुम्ही त्याला इकडं आणलंत, आज सकाळपासनं त्याची खाट अंगणात टाकून ठेवलीय, ओटीचं ताट भरून ठेवलंय — बघितलं मी मघाशी येताना. अंगण पण सारवलंत. तीस वर्सं बघतोय त्याला. दर शिमग्याला मुंबईसनं यायचा, नवीन कपडे घालायचा, हातात नारळ घेऊन फाटकात उभा ऱ्हायाचा. पालखी शेजारच्या अंगणात नाचायची, त्याच्या घरासमोरनं सरळ पुढं जायची, पुढच्या घरी थांबायची. तो तिथनंच हात जोडायचा. नारळ परत आत न्यायचा. कधी भांडला नाय. मला बघून हसायचा पण. त्यानं भांडायला पायजे होतं.

तिथंच येतोय. घोड्याचं सांगितल्याबिगर ते कळायचं नाय. तिकडं धान्य संपत आलं, तवा घोडे आणि खेचरं कापायला लागले. गोरे खायचे. आपले लोक खाईनात. साहेबानं हिंदुस्तानात कळवलान, इकडच्या मोठमोठ्या पंडितांनी तार धाडली, लढाईत दोष नाय म्हणून. पंडिताला काय गो? त्याला थोडंच परत ह्या वाडीत यायचं होतं? शेवटच्या पंधरवड्यात बाकीच्या पलटनींत हजारोंनी खाल्लान, नाय असं नाय. पण आमच्या टोळीत सगळे पोलादपूर-महाडचे, एकमेकाच्या गावचे, एकमेकाचे सोयरे. त्यांनी गावदेवीच्या, आईच्या नावानं आण घेतली. कोणी खायचा नाय, आणि जो खाईल त्याचं नाव गावात सांगायचं. ही गावाची भीती. तुर्काची एवढी नव्हती. आता हसायला येईल तुला, तुम्ही पोरं हॉटेलात काय काय मागवता. पण तवा वाळीत टाकलं म्हणजे हिरीवर पाणी बंद, पोरीला सोयरीक नाय, मेल्यावर चार खांदेकरी नायत. उपाशी मरणं परवडलं.

आणि मरत होतेच. दिवसाला मूठभर पीठ. हिरड्या सुजून दातावर आलेल्या, पाय निळे पडलेले, पहाऱ्यावर उभा केलेला माणूस उभ्या उभ्या खाली बसायचा आणि परत उठायचाच नाय. मांस ज्याला पायजे त्यानं नाव द्यायचं, साहेब यादीत लिवणार, मंग नावावर तुकडा. आजा सांगायचा — गोडसर लागतं घोड्याचं. चावायला जमायचं नाय, दात सगळे हलत होते, म्हणून नुसता रस्सा, टमरेलात, त्यात मीठ पण नाय, वरती पिवळी चरबी धरलेली. पहिला घोट उलटला, मंग दुसरा ऱ्हायला. चार दिवसांनी पाय हलवता यायला लागले —

काय?

काय म्हणालीस?

नाय, मी असं... होय. बरोबर हाय तुझं. चव आज्याला कशी ठाऊक. बरोबर हाय.

आता काय करू, बोलून बसलो. पन्नास-पंचावन्न वर्सं कोणाला बोललो नव्हतो. ऐक मंग. खाल्लान तो माझ्या आज्यानं. हैबतीनं. भागोजीनं घोडा तोंडाला लावला नाय, शेवटपर्यंत नाय. आजा अंथरुणाला खिळलेला, आता जातो की मंग जातो असा, आणि भागोजी उठला आणि साहेबाकडं जाऊन नाव दिलान. स्वतःचं. आज्यानं नको नको केलान, तर भागोजी म्हणाला, "तुझ्या घरात आईच्या पालखीचा खांदा हाय, तुझं नाव यादीत नको. माझ्या घरात काय हाय?" असं म्हणाला. आणि रोज तुकडा आणायचा, शिजवायचा, आज्याच्या तोंडात घालायचा, आणि स्वतः गवत उकडून खायाचा. नदीकाठचं गवत. तो जगला कसा हेच मला कळत नाय.

दोघंही परत आले एकोणीस साली. बाकीच्या गावचे पण चारदोन आले, त्यांनी यादी बघितलेली, ते कशाला गप बसतील? गावकी बसली देवळासमोर. भागोजीला इचारलं, तो काय बोलला नाय. मंग माझ्या आज्याला इचारलं — तो नाईक होता, मानकरी होता, त्याचा शब्द म्हणजे शब्द — भागोजीनं खाल्लान काय रे? आजा म्हणाला, "यादीत नाव होतं." एवढंच. खोटं नाय बोलला. भागोजीनं त्याच्याकडं एकदा बघितलान आणि उठून घरी गेला. त्याचं घर वाळीत टाकलं, पालखी पण बंद. दोघांची घरं एवढी जवळ, मधी एक दगडी गडगा, पण मरेपर्यंत एकमेकाशी बोलले नायत.

मला कसं ठाऊक? आज्यानंच सांगितलान. मी तेरा वर्सांचा होतो, पालखीची रुपी, आईचे मुखवटे, घासत होतो चिंचेनं, तो बाजूला बसलेला. माझ्या बापाला नाय सांगितलान, मला सांगितलान. का, ते ठाऊक नाय. त्याच साली गेला तो. मला वाटलं, मोठा झालो की सांगू. मंग वाटलं, बा असेतोवर नको, त्याला सोसायचं नाय. बा गेला, मंग वाटलं, नोकरी सुटली की गावात राहायला आल्यावर सांगू. पहिल्या पहिल्यानं लई लाज वाटायची. सुनील नारळ घेऊन उभा असायचा आणि खांद्यावर पालखी माझ्या, मी तोंड दुसरीकडं फिरवायचो त्या जागी. आता सरळ बघत जातो. आता कायच वाटत नाय गो. मी रडत पण नाय. हे तुला सांगतोय ना, ते पण दुसऱ्या कुणाचं सांगितल्यासारखं सांगतोय.

तुमच्या घराची बाकीची शिक्षा कवाच संपलीय. हिरीवर पाणी भरता, लग्नाला बोलवतात तुम्हाला, सुनील गावच्या मंडळाचा खजिनदार होता मुंबईला. नुसती पालखी राह्यली. आणि का राह्यली ते गावात कोणाला ठाऊक पण नाय आता, घोडा-बिडा सगळं इसरले. दरसाली मीटिंगीत कोणतरी इषय काढतं, की सुनीलच्या घराचं काय करायचं? सगळे माझ्याकडं बघतात. मी खाली बघतो. झालं, पुढचा इषय. एक शब्द लागत नाय मला, एवढं सोप्पं हाय ते.

आत्ता? आत्ता येऊन काय सांगू? सहाणेवर, सगळ्या गावासमोर? अगो, शंभर वर्सं आमच्या घरानं आईला खांदा दिलाय. काय म्हणू — की तो खांदा आमचा नव्हताच, तो भागोजीनं उपाशी राहून वाचवलेला? माझा पोरगा भरत तिकडं फेटा बांधून उभा हाय, त्याचं पोरगं हाय बाजूला. सुनील किती दिवस हाय? दोन-चार? ठाऊक हाय मला. हात धरू नको माझा. नको, पाया तर नकोच पडू. तुमच्या घरानं आमच्या पाया पडायचं नाय.

वाजला ढोल. हा बघ, दीपक आलाच — आमचा गुरव. काय रे दीपक? ... नाय, आज मी नाय येत. गुडघा धरलाय. खांद्याला भरतला घ्या माझ्या जागी. ... होय, होय, घेईल तो. ... वाट? वाट काय इचारतोस? ... ही पोर काय बोलत नाय, पाहुणी हाय, भेटायला आलीय. ... दरसाली जाते त्याच वाटेनं न्या.

गेला.

असं बघू नको माझ्याकडं. जा बाय तू आता. सुनीलची खाट आत घे, ऊन चढलंय.