फोटोवरचा अर्धा शिक्का

पोलीस ठाणे पाचपावली, नागपूर शहर
दिनांक ११ एप्रिल १९८१, सकाळी ११ वाजता

नाव: देवाजी दादाजी गजभिये. वय: ५४ वर्षे. धंदा: नोकरी, एस.टी. स्थानकावर हरवलेल्या सामानाच्या खोलीत कारकून. राहणार: लष्करीबाग, नागपूर.

मी वरील इसम आज ठाण्यात हजर होऊन विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी व माझी पत्नी तुळसाबाई असे दोघे राहतो. माझा मुलगा नागसेन, वय २४, वेल्डर, हा दि. १९ ऑगस्ट १९७९ रोजी मस्कत येथे नोकरीस गेला. आम्हाला दुसरे मूल नाही.

सामानाच्या खोलीत मी एकवीस वर्षे आहे. माणसे छत्री घट्ट धरतात आणि जमिनीचे कागद पिशवीत वरच्या वर ठेवतात. मी हे रोज पाहतो व मला त्याची चीड आहे. म्हणून नागसेन निघण्यापूर्वी मी त्याला बजावले होते की, पासपोर्ट अंगावर ठेव, एक नक्कल ट्रंकेत ठेव, दुसरी घरी राहील. पासपोर्ट कोणाच्या हाती द्यावाच लागला तर पावती घे. तो हसून म्हणाला, "बाबा, मी का छत्री आहो का, हरवाले?"

दोन्ही नकला मी कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडून करून घेतल्या. दोन्हींवर नागसेनचा फोटो चिकटवून राजपत्रित अधिकाऱ्याची सही घेतली. गोल शिक्का अर्धा फोटोवर व अर्धा कागदावर मारला होता. फोटो कोणाला बदलता येऊ नये म्हणून तो तसा मारतात, हे मला चांगले माहीत होते.

मस्कतहून त्याचे पहिले पत्र आले त्यात लिहिले होते की, उतरल्या उतरल्या ठेकेदाराने सगळ्यांचे पासपोर्ट गोळा केले, पावती कोणालाच दिली नाही. मी त्याला उलट टपाली तीन पाने रागाचे पत्र लिहिले. त्या तीन पानांत मी त्याची तब्येत विचारली नव्हती.

नकलेवरील फोटो व कागद यांचा शिक्का जुळत नाही, याबद्दल विचारल्यावरून सांगतो की, मागील दिवाळीत कुही येथील भैय्याजी रामटेके यांच्या प्रेमिला या मुलीशी नागसेनची सोयरीक ठरत होती. त्यांनी मुलाचा फोटो मागितला. काढलेले सर्व फोटो अर्जांना लागून संपले होते व इतवारीतल्या स्टुडिओवाल्याकडे निगेटिव्ह राहिली नव्हती. तेव्हा पत्नी म्हणाली, "पोरगा तिकडे, पासपोर्ट बी तिकडे. इथल्या कागदाले फोटो कायले पायजे? पेटीत पडूनच हाय ना!" तिने नक्कल चुलीवरच्या भाताच्या गंजाच्या वाफेवर धरून फोटो अलगद सोडवला. यात तिचा दोष धरू नये. ती शिकलेली नाही. शिकलेला मी होतो, समोर पाटावर बसलो होतो आणि मी नाही म्हणालो नाही. सून येणार या आनंदात माझीही अक्कल गहाण पडली होती. लग्न येत्या बुद्ध पौर्णिमेनंतर करण्याचे ठरले.

दि. २ मार्च रोजी मला स्थानकाच्या पत्त्यावर रुपराव नावाच्या इसमाचे पत्र आले. हा नरखेडकडचा असून नागसेनसोबत एकाच शेडमध्ये राहत होता. त्याने घरच्या पत्त्यावर न लिहिता कामाच्या पत्त्यावर लिहिले, यावरून पाकीट फोडण्यापूर्वीच मला समजले. नागसेन दि. १२ फेब्रुवारी रोजी पाण्याच्या टाकीचे काम करताना वरून पडून जागीच मरण पावला. ठेकेदार हा माणूस आपला नाहीच म्हणाला, शेडला ट्रंकांसकट कुलूप घातले आणि निघून गेला. पासपोर्ट कोठे आहेत ते कोणाला माहीत नाही. प्रेत तेथील दवाखान्यात बर्फात ठेवले आहे. नुसत्या सोबत्याच्या तोंडच्या नावावर ते सोडता येत नाही, घरून फोटोसह कागद आला पाहिजे, नाहीतर ३० एप्रिलनंतर तिकडेच बेवारस म्हणून पुरतील, असे पत्रात होते.

दि. ८ मार्च, रविवारी मी एस.टी.ने कुहीला गेलो व फोटो परत मागितला. भैय्याजी म्हणाले, "काहून गा देवाजी? सोयरीक मोडून राहिला का?" मी म्हणालो, सरकारी काम आहे, दहा दिवसांत आणून देतो. खरे सांगण्यासाठी मी दोनदा तोंड उघडले. पण त्यांच्या घरात चहा ठेवला होता व मुलगी पदर सावरून दारात उभी होती.

प्रेमिलाने फोटो आणला तो लहानशा पितळी फ्रेममध्ये होता. फ्रेममध्ये बसावा म्हणून तिने कडेने कापला होता व शिक्का असलेला कोपरा त्यात गेला होता. कात्रण कोठे आहे विचारता ती म्हणाली, "केरात गेली असन, मामाजी. त्यावर निळा डाग होता, चेहरा चांगला दिसाले पायजे म्हणून कापला." मी फोटो काढून घेतला. तिने रिकामी फ्रेम परत कोनाड्यात ठेवली. भैय्याजींना मी अजूनही काही कळवलेले नाही.

तो फोटो मी माझ्या हाताने पुन्हा नकलेवर चिकटवला व दि. ९ मार्च रोजी कागद मस्कतच्या भारतीय वकिलातीकडे रवाना केला. तो आता तपासासाठी या ठाण्यात आला आहे, कारण कागदावर अर्धा शिक्का आहे आणि फोटोवर काहीच नाही. तेथील साहेबांना संशय आला तो रास्त आहे. मी त्यांच्या जागी असतो तर मलाही आला असता. सही करणारे अधिकारी बदलून गेले असून त्यांचा पत्ता मिळत नाही व दुसरे कोणी मूळ पासपोर्ट पाहिल्याशिवाय सही करीत नाहीत. मी पुन्हा सांगतो की, कागद खरा आहे, फोटो माझ्या मुलाचा आहे व त्यात कोणतीही लबाडी नाही.

आमच्या खोलीतील सामान तीन महिन्यांत कोणी नेले नाही तर त्यावर बेवारस अशी चिठ्ठी लावतात. ती मी लावतो. तो शब्द माझ्या अक्षरात त्या खोलीभर आहे. माझ्या मुलाला तो लागू नये, एवढेच माझे मागणे आहे. तो बेवारस नाही. त्याचा बाप हा इथे उभा आहे.

अंगावरील खुणा विचारल्यावरून सांगतो की, डाव्या मनगटावर वेल्डिंगचा भाजल्याचा डाग, वरच्या समोरच्या दातांत फट, उजव्या कानामागे जुना व्रण. हा व्रण मला माहीत नव्हता. काल पत्नी तांदूळ निवडत असताना मी तिला खुणा विचारल्या, तेव्हा तिने सांगितले की, तो दहा महिन्यांचा असताना पाळण्यातून पडला होता व मी रागावेन म्हणून तिने माझ्यापासून लपवले. मग ती म्हणाली, "पण खुणा कायले पायजे? पोरगा सोता उभा राहीन ना सायबासमोर." मी म्हणालो, फॉर्ममध्ये रकाना आहे.

नवीन पासपोर्ट निघतो आहे व नागसेन लग्नासाठी येतो आहे, असे तिला वाटते. तिने घराला चुना दिला आहे. आज तिला घरी राहा म्हटले तर ऐकले नाही. "माह्या पोराच्या पासपोर्टचं काम हाय, मी बी येतो," म्हणाली. निघताना दोनदा सांगितले की, सायबाले निशाण्या बराबर सांगजा, एकबी सुटली नाही पायजे.

मी सांगितल्या, एकही सोडली नाही.

वरील मजकूर मी सांगितला तसाच लिहिला असून मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे. हवालदारांनी तो माझ्या विनंतीवरून अगदी हळू आवाजात वाचला, कारण पत्नी तुळसाबाई ही दाराबाहेरच्या बाकावर बसलेली आहे.

सही: देवाजी दादाजी गजभिये