जमुनाचा पेला

—नाही पोरी, आत नको, इथंच बस ओट्यावर. आत रुची झोपून राहिली, माही नात. सांग आता हळू. टीबी नव्हता म्हणतेस तिच्या आजीले, जमुनाले? मग दवाखान्यात थुंकी पाहून टीबीच काऊन सांगितला — हो, दुर्बिणीत टीबीचा अन् हा दुसरा, दोन्ही जंतू सारखेच दिसतात, समजलं मले. बांधीत धानासंग रानधान उगवते ना, तसंच — पात तीच, रंग तोच, लोंबी निघाली की मग ओळखू येते. तुम्ही लॅबचे लोकंबी तेच करता — थुंकी पेरता, उगवलं की त्याच्यावर औषध टाकून पाहता, कोणता मरते, कोणता टिकते. पेरलं तं वेळ लागणारच. तुही चूक नाही. जमुनाच थांबली नाही, मोहफूल वेचायच्या दिवसांत गेली.

एक सांग — हा जो दुसरा जंतू निघाला, हा एकाचा दुसऱ्याले लागते काय?

नाही लागत. बरं.

नाही, काही नाही — जमुनानं आपलं ताट स्वतःच वेगळं केलं होतं, कोणी सांगितलं नव्हतं. पेल्याले लाल दोरा बांधला, लेकरानं चुकून घेऊ नये म्हणून. गोठ्याजवळ बसून जेवे. रुची झाली तं अंगणाच्या त्या टोकावरून पाहे, म्हणे, आज्यासारखं नाक आलं बिचारीले — अन् हसू आलं की तोंडावर पदर. मांडीवर घेतलं नाही तिले. एकदाबी नाही. म्हणजे घेता आलं असतं — असंच ना?

अन् मी — मी तिच्याच ताटात जेवून राहिलो होतो, पोरी. ती उठली की उरलेला भात त्याच ताटात, पाणी त्याच पेल्यात. नंदलालले माहीत नाही, पोरगा रागावला असता. म्हटलं, जोडीनं राहिलो, जोडीनं जाऊ. ती गेल्यावर रोज सकाळी खोकून पाहो — काहीच नाही. तू घरच्यांच्या तपासणीले थुंकीची डबी देऊन गेली, तं मले बरं वाटलं होतं. वेडाच म्हण.

तू कायले रडतेस? तू तं पेरलंच ना.

उठली वाटते रुची. जा तू, सालेकशाची बस निघून जाईल. अन् ही डबी ने परत — कोरडीच आहे.